४५ दिवसांत ‘सर्टिफाइड कौन्सेलर’? आधी हे वाच

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: वय २३, बीए मानसशास्त्र झालंय, तालुक्याच्या गावी राहतेस, आणखी दोन वर्षं शहरात ठेवून शिकवायची घरची ऐपत नाही. आई म्हणते, ‘वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी केलीस तर स्थळं यायची बंद होतील.’ आणि समोर १८ हजार रुपयांचा ४५ दिवसांचा ऑनलाइन कोर्स आहे, शेवटी ‘सर्टिफाइड कौन्सेलर’ असं प्रमाणपत्र. घ्यावा का, आणि घेऊन काम मिळेल का?

‘तू’च म्हणते, चालेल ना? माझी लेक तुझ्याहून थोडीच लहान आहे.

नको घेऊस. त्यात शिकवतात ते सगळं खोटं असतं असं नाही. ऐकावं कसं, प्रश्न कसे विचारावेत, नैराश्य म्हणजे काय, हे व्हिडिओवर चांगलं सांगतातही. पण त्या ४५ दिवसांत तू एकाही जित्याजागत्या माणसासमोर बसणार नाहीस. आणि बसलीसच, तरी तू काय बोललीस ते ऐकून ‘इथे चुकलीस’ म्हणणारं कुणी नसेल. आमच्या कामात शिकवणारे पुष्कळ मिळतात, तपासणारा मिळत नाही. पैसे, वेळ, जे काही खर्चायचंय ते तपासणाऱ्यावर खर्च.

माझंच सांगते. २००६ साली एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून मी एका व्यसनमुक्ती केंद्रात लागले, पगार साडेचार हजार. पहिल्याच आठवड्यात एका पेशंटच्या बायकोशी बोलायला बसवलं. कोपऱ्यात आमचे सर वही घेऊन. मी चाळीस मिनिटं बोलले. दारू हा आजार आहे, तुमचा दोष नाही, मुलांकडे लक्ष द्या, स्वतःसाठी वेळ काढा. बाई सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला वाटलं हिला रसच नाही. ती गेल्यावर सरांनी वही पुढे केली. आत नुसत्या रेघा. म्हणाले, ‘तू ३१ वेळा बोललीस, ती ९ वेळा. तिनं दोनदा माहेरचा विषय काढला, दोन्ही वेळा तू पुढे गेलीस. आणि तिला दीडची यष्टी गाठायची होती. विचारलंस का?’ एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मी पुष्कळ शिकले असेन, पण त्या रेघांनी जे शिकवलं ते कुठल्याच पेपरात नव्हतं. अजूनही नवीन पोरं आली की मी वही घेऊन कोपऱ्यात बसते.

हे फक्त माझं म्हणणं नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ ही संस्था १९९६ पासून आहे. त्यांनी मानसशास्त्राची पदवीही नसलेल्या स्थानिक लोकांना काही आठवडे शिकवून, मग बरेच दिवस देखरेखीखाली काम करायला लावून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या पेशंटशी अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी, एवढाच उपचार. सुटलेली रोजची कामं एकेक करून पुन्हा सुरू करायला लावायची, असं त्याचं सूत्र. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून वर आले होते, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के. हे आकडे बघून लोक म्हणतात, बघा, थोडक्या दिवसांच्या ट्रेनिंगनं काम होतं. अरे, पुढचं वाचा की. ते कार्यकर्ते आपल्या भेटी रेकॉर्ड करायचे आणि गटात बसून ती रेकॉर्डिंग ऐकून एकमेकांना गुण द्यायचे. ट्रेनिंग कधी संपलंच नव्हतं. त्यांची मॅन्युअल्स संगथच्या साइटवर फुकट आहेत, आजच उतरवून घे. तुझे १८ हजार तिथेच वाचले.

आता दारं कुठली उघडी आहेत ते. आधी नावं नीट लक्षात ठेव, कारण जाहिरातींत सगळ्याची खिचडी असते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषधं लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, आपण जिला आरसीआय म्हणतो तिच्याकडे, नोंदणी असलेला. ती नोंदणी नसताना ते नाव लावता येत नाही. मग माझ्यासारखे सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मानसिक आजाराचे पेशंट आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते. आणि समुपदेशक हे नाव इतकी वर्षं कुणीही लावत आलंय, म्हणून तर ४५ दिवसांचे कोर्स चालतात. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ यांना एका छत्राखाली घेतलंय. घडी बसायला वेळ लागेल, पण यापुढे कुठल्याही कोर्सवाल्याला पहिला प्रश्न हाच: हा नोंदणीसाठी धरला जाईल का, आणि तसं लेखी देता का? फोन ठेवून देतात बहुतेक.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. त्यातल्या सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्करच्या जागांना तुझी पदवी पुरणार नाही. पण नोंदी ठेवणाऱ्या केस रजिस्ट्री असिस्टंटची जागाही असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कंत्राटी काम, ११ महिन्यांची ऑर्डर, पगार यायला उशीर, सगळं खरं. पण वर्षभर त्या टेबलावर बसलीस तर कोण दर महिन्याला गोळ्या न्यायला येतं, कोण तिसऱ्या महिन्यात गळतं आणि का, हे तुला एमए झालेल्यांपेक्षा जास्त कळेल. किशोरवयीनांच्या ‘मैत्री क्लिनिक’मधले किंवा एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, याही जागा निघतात. काही जाहिरातींत पदव्युत्तर मागतात, काहींत पदवी आणि अनुभव चालतो. अट नीट वाचून मगच अर्जाचे पैसे भर.

तुझ्यासारखीनं आधी ठोठावावं असं मला वाटतं ते दार मात्र व्यसनमुक्ती केंद्राचं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलं. तिथले कित्येक कार्यकर्ते एकेकाळचे तिथलेच पेशंट आहेत, पदवी नंतर किंवा नाहीच. अशा ठिकाणी सकाळच्या प्रार्थनेपासून रात्री कुणाला थरथर सुटते तिथपर्यंत माणूस दिसतो. दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत झटका येऊ शकतो, भ्रम होऊ शकतो, हे पुस्तकात एक ओळ असतं. वॉर्डात रात्री दोन वाजता माणूस भिंतीवरचे किडे वेचायला लागला की ती ओळ कळते, आणि डॉक्टरला कधी उठवायचं तेही. एक सावधगिरी: पेशंटला कोंडून ठेवणारी, मारणारी, नोंदणी नसलेली केंद्रंही आहेत. मुलाखतीला गेलीस की वॉर्ड बघू द्या म्हण. बघू दिला नाही तर चहा न घेता निघ.

पुढे शिकायचंच झालं तर दोन वर्षं काम करून, थोडे पैसे साठवून एमएसडब्ल्यू कर. कर्वे समाज सेवा संस्था आहे, टाटा इन्स्टिट्यूट आहे, जिल्ह्यांतूनही कॉलेजं आहेत. मी एमएसडब्ल्यूच्या बाजूची आहे हे उघड आहे, पण कारण एकच: आठवड्याला दोन दिवस फील्डवर्क करावंच लागतं. ‘नोकरी करता करता बाहेरून एमए सायकॉलॉजी करते’ असं तुझ्या डोक्यात असेल तर ते काढून टाक. यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवणं बंद केलंय. अजूनही ‘प्रवेश सुरू’च्या जाहिराती दिसतात, सांभाळून. क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमफिलही गुंडाळत चाललंय आणि आरसीआयचे नवे अभ्यासक्रम येताहेत. तिकडे जायचं तर प्रवेशाच्या दिवशी आरसीआयच्या साइटवर त्या कॉलेजचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आता भाषा. हे कुठल्याच कोर्समध्ये धड शिकवत नाहीत म्हणून थोडं लांबवते. तुझ्या हातात नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली येईल. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ अशी ती सुरू होते. आमच्याकडच्या बाईला विचार, ती म्हणते, ‘कधीपासून ते कुठं ध्यानात राहतंय?’ पण ‘मागच्या दोन बाजारांत’ म्हटलं की हिशेब चोख लागतो. प्रश्न तोच ठेवायचा, खुंटी आपल्या गावची. ‘नैराश्य’ हा शब्द पेशंटच्या तोंडून मी क्वचितच ऐकलाय. लोक म्हणतात जीव लागत नाही, डोकं जड राहतं, छातीत कालवतं, कशात मनच नाही. कुणी सांगेल ‘बाहेरचं आहे’. तिथे वाद घालायचा नाही. देवरुषी काय म्हणाला, त्यानं काय करायला सांगितलं, आणि सोबत गोळ्या घ्यायला त्याची हरकत आहे का, एवढं विचार. बहुतेकदा त्याची हरकत नसते, आपल्यालाच उगाच असते.

आणि ‘औषध’. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगी होती, शहरातली, हुशार. एका शेतकऱ्याची बायको तिला म्हणाली, ‘मागच्या पोळ्याला यांनी औषध घेतलं होतं.’ हिनं फॉर्मवर लिहिलं: पूर्वी उपचार घेतलेले आहेत. गावाकडे औषध म्हणजे फवारणीचं औषधही असतं, पोरी. त्या माणसानं कीटकनाशक प्यायलं होतं. संध्याकाळी फॉर्म तपासताना माझ्या नजरेला पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरी होतो, आणि डबा अजून पलंगाखालीच होता. तपासणारा पाहिजे म्हणते ती यासाठी.

आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातल्यासारखं होईल, ही भीती प्रत्येक नवख्याला असते. तसं होत नाही. सरळ मराठीत विचार: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हो म्हणाला तर कसं, कधी, आणि ती वस्तू घरात आहे का, हेही. मग एकटं सोडायचं नाही, वरिष्ठांना तिथल्या तिथे कळवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात, प्रत्येक घरी कागदावर लिहून देत जा. हा प्रश्न न अडखळता विचारता यायला मला सहा महिने लागले. आरशासमोर म्हणून बघ, आवाज बारीक होतो की नाही ते.

गुप्ततेचंही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटला तो हक्कच दिलाय. पण ‘मी कुणालाही काहीही सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नकोस. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका असेल तरी बोलावं लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगायचं. नंतर सांगितलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चूक नसतं.

आईचं म्हणशील तर माझ्याकडे गोड उत्तर नाही. माझी आई वीस वर्षं झाली तरी पाहुण्यांना ‘हॉस्पिटलात असते’ एवढंच सांगते, कुठल्या वॉर्डात ते गिळते. स्थळांचं मी काय सांगू, मला तरी एक मिळालं. व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंबीयांचा एक वार असतो, त्या दिवशी परवानगी घेऊन आईला एकदा सोबत ने. त्यानं तिचं मत बदलेल असं नाही, पण निदान साखळदंडांची जी कल्पना तिच्या डोक्यात आहे ती जाईल.

तर या महिन्यात एवढं कर. संगथची मॅन्युअल्स वाच. मैत्रिणीला पेशंट करून वीस-वीस मिनिटांच्या चार भेटी मोबाइलवर रेकॉर्ड कर, तिला विचारून, आणि स्वतःच रेघा मार. पहिली ऐकताना लाज वाटेल, तरी पुसू नकोस. मग तुझ्या जिल्ह्यातल्या दोन केंद्रांत तीन महिने बिनपगारी किंवा प्रवासखर्चावर काम करायची तयारी आहे असं कळव. तीन महिन्यांच्या वर फुकट राबू नकोस. तिथल्या वरिष्ठांना एकच विचार: ‘माझं काम आठवड्यातून एकदा कोण बघेल?’ नाव सांगितलं तर जा. ‘आमच्याकडे सगळे मिळून शिकवतात’ म्हणाले तर दुसरं केंद्र बघ.

फोन दुपारी तीननंतर कर, सकाळी ओपीडी असते, कुणी उचलत नाही. आणि अर्ज मराठीतच लिही, आधी इथे टाकलास तर मी बघून देईन.