पहिल्या कॉमिकसाठी आर्टिस्ट शोधताय?

अरे, २०० पानांची गाथा घेऊन कुणाकडे जाऊ नकोस, आधी ४ ते ८ पानांची पूर्ण गोष्ट लिही, कारण पेन्सिल, इंकिंग (पेन्सिलच्या रेषांवर शाई), रंग धरून एका पानाला आर्टिस्टचा अख्खा दिवस सहज जातो, कधी जास्तच. म्हणून "पैसे नाहीत पण नाव होईल" असलं प्लीज बोलू नकोस, मनापासून सांगतोय. पानामागे रेट ठरव, नसेल जमत तर पानं कमी कर. हक्क कोणाचे, करेक्शन किती वेळा, सगळं आधीच लेखी.

आणि पोर्टफोलिओत नुसती पोस्टर्स दिसली तर सलग पानं मागून बघ, एक भारी चित्र काढणं वेगळं आणि सहा पॅनलमध्ये, म्हणजे पानावरच्या चौकटींत, तोच चेहरा टिकवणं वेगळं. स्क्रिप्टमध्ये एका पॅनलला एकच हालचाल दे, संवादाच्या फुग्यांना जागा उरली पाहिजे.