पल्सारभोवतीच्या तेजोमेघातील गॅमा किरण कसे ओळखतात?

प्रश्न : गॅमा किरण वातावरणातच अडतात, तर जमिनीवरील दुर्बिणी ते कसे शोधतात? शिवाय ते पल्सारचे नसून त्याच्याभोवतीच्या तेजोमेघाचे आहेत, हे कशावरून ठरते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पल्सार म्हणजे वेगाने फिरत ठरावीक ठेक्यात किरणांचे झोत फेकणारा न्यूट्रॉन तारा, आणि त्याच्याभोवतीचा तेजोमेघ म्हणजे त्याच्याकडून बाहेर पडलेल्या कणांचा चमकता ढग. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत हे खरे, परंतु अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरांत शिरला की इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) यांचा वर्षाव सुरू होतो आणि हे कण हवेतील प्रकाशापेक्षाही वेगाने धावत असल्यामुळे चेरेन्कोव्ह प्रकाशाची निळसर चमक उमटते. ती काही अब्जांश सेकंदच टिकते. दुर्बीण टिपते ती ही चमक. खरी अडचण पुढेच आहे, कारण वैश्विक किरणांतील प्रोटॉनही असेच वर्षाव घडवतात आणि त्यांची संख्या कितीतरी पट अधिक असते. निवड करावी लागते ती प्रतिमेच्या आकारावरून : गॅमा किरणाची प्रतिमा अरुंद व लंबवर्तुळाकार असते आणि तिचा लांब अक्ष उगमाच्या दिशेने रोखलेला असतो, तर प्रोटॉनची विस्कळीत असते. याच पद्धतीने १९८९ मध्ये ॲरिझोनातील व्हिपल वेधशाळेच्या १० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने क्रॅब तेजोमेघातून येणारे गॅमा किरण निःसंशयपणे नोंदवले.

क्रॅबमधील पल्सार सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. त्याची गती मंदावताना सूर्याच्या तेजाच्या लाखभर पट शक्ती बाहेर पडते; तिच्यामुळे वेग घेतलेले इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या प्रकाशकणांवर आदळून त्यांना गॅमा किरणांच्या पातळीवर नेतात. किरणांच्या आगमनाच्या वेळा पल्सारच्या ठेक्याशी जुळल्या, तर ते पल्सारचे. ठेका न पाळता अखंड येत राहिले, तर बहुतांशी तेजोमेघाचे.

केवळ आकाशातील स्थान जुळले म्हणून नाते मानणे मला धोक्याचे वाटते, कारण आकाशगंगेच्या प्रतलात पल्सारांची दाटी आहे. या दृष्टीने नामिबियातील हेस दुर्बिणींनी पाहिलेला ‘हेस जे १८२५-१३७’ हा स्रोत फार बोलका आहे. त्याचा विस्तार तेथील एका पल्सारच्या एकाच बाजूला, दक्षिणेकडे, पूर्ण चंद्राच्या व्यासाहूनही लांबवर पसरलेला आहे. मात्र अधिक ऊर्जेचे किरण तेवढे निवडले, की तोच डाग आकसत पल्सारच्या जवळ येतो. पल्सारपासून दूर जाताना इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जातात, म्हणून लांबच्या भागातून कमी ऊर्जेचेच किरण येतात. त्यांचा उगम त्या पल्सारपाशी आहे, याचा यापेक्षा सबळ पुरावा क्वचितच मिळतो.

लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीणही चेरेन्कोव्ह प्रकाशावरच चालते. अशा दुर्बिणींची पारख क्रॅबवर होते, आणि इतर स्रोतांची तीव्रताही सहसा क्रॅबच्या प्रमाणातच सांगितली जाते.