'सदर्न रॉक'ला 'दाक्षिणात्य रॉक' म्हणावं का?

'सदर्न रॉक' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून पुढे आलेला रॉक संगीताचा प्रकार. भाषांतराबद्दलचा प्रश्न असा आहे: 'अवर ग्लास हा अल्पायुषी आणि फारसा माहीत नसलेला दाक्षिणात्य रॉक बँड होता' या वाक्यात 'दाक्षिणात्य' चालेल का?

व्याकरणाला चालेल. दक्षिणा, पश्चात् आणि पुरस् या तिघांना पाणिनीने एकाच सूत्रात 'त्य' जोडून दिला. त्यातून दाक्षिणात्य, पाश्चात्त्य, पौरस्त्य. ('पश्चात्'मध्ये एक त् मुळातच असल्यामुळे पाश्चात्त्यात दोन त येतात, दाक्षिणात्यात एकच. वर्तमानपत्रांत नेमकं उलट छापलेलं दिसतं.) पण मराठी वाचकाला दाक्षिणात्य म्हटलं की तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळमच आठवणार. बँड चेन्नईचा ठरेल.

'दक्षिणेकडचा' म्हणून भागेल का? तेही नाही, कारण अमेरिकेत 'साउथ' ही नुसती दिशा नव्हे, एका प्रदेशाचं नाव आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात फुटून निघालेली राज्यं हा त्याचा गाभा. याच बँडचं बघा. ड्युएन आणि ग्रेग ऑलमन हे भाऊ साथीदारांसह १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला गेले. लिबर्टी या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांचे दोन अल्बम काढले, पण तिला हवं होतं गुळगुळीत पॉप. वैतागून एप्रिल १९६८ मध्ये मंडळींनी अलाबामातल्या मसल शोल्सला, फेम स्टुडिओत, ब्लूज गायक बी. बी. किंगची गाणी एकत्र गुंफून आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केली. कंपनीने नाक मुरडलं आणि त्याच वर्षी बँड मोडला. मसल शोल्सला जाणं म्हणजे त्यांच्या लेखी 'साउथ'ला परतणं. नकाशात मात्र मसल शोल्स लॉस एंजेलिसपेक्षा किंचित उत्तरेलाच आहे!

शिवाय तेव्हा 'सदर्न रॉक' हे नावच रूढ नव्हतं. ते चिकटलं सत्तरच्या दशकात, या भावांनी १९६९ मध्ये काढलेल्या ऑलमन ब्रदर्स बँडला आणि जॉर्जिया राज्यातल्या मेकनच्या कॅप्रिकॉर्न या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या इतर बँडना. ग्रेगला तर ते नाव म्हणजे द्विरुक्तीच वाटे: रॉक जन्मलंच साउथमध्ये, मग 'सदर्न' वेगळं कशाला?

'अल्पायुषी' उत्तम, राहू द्या. मी वाक्य असं लिहीन: 'अवर ग्लास हा पुढे सदर्न रॉक म्हणून गाजलेल्या संगीताच्या उगमाजवळचा, अल्पायुषी अमेरिकन बँड.'