पीजीअ‍ॅडमिन हे माउसने चालणारं टूल नसताना टर्मिनलवर पोस्टग्रेस डेटाबेसच्या क्वेरीचा प्लॅन (ती कशी चालवायची याचा आराखडा) कसा बघायचा आणि वाचायचा?

सर्व्हरवर फक्त एसएसएच (दुरून मिळणारं टर्मिनल) मिळत असेल तरी अडत नाही, पीएसक्यूएल हे पोस्टग्रेसचं टर्मिनलवरचं टूल पुरतं. मला तर प्लॅन वाचायला तेच बरं वाटतं.

क्वेरीआधी नुसतं एक्सप्लेन लिहिलं तर क्वेरी चालत नाही, प्लॅनरचा (प्लॅन निवडणाऱ्या पोस्टग्रेसच्या भागाचा) अंदाज तेवढा दिसतो. त्यातली कॉस्ट म्हणजे मिलिसेकंद नव्हेत. डिस्कवरचं एक पान क्रमाने वाचण्याचा खर्च 1 धरून केलेला तो हिशोब असतो. क्वेरी हळू का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एक्सप्लेनपुढे कंसात अ‍ॅनलाइझ, बफर्स (किती पानं वाचली ते) हे दोन पर्याय द्या. पण अ‍ॅनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं! अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी बिगिन, मग एक्सप्लेन, शेवटी रोलबॅक. तोवर त्या ओळींवर लॉक राहतो, म्हणून चालू प्रॉडक्शनवर जपून.

लांब ओळी मोडून पडद्यावर गिचमिड होते. पीएसक्यूएल_पेजर या व्हेरिएबलमध्ये लेस (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) ठेवून त्याला कॅपिटल एसचा पर्याय द्या, म्हणजे बाणांनी आडवं सरकता येतं. प्लॅन फाइलमध्ये हवा असेल तर बॅकस्लॅश ओ आणि फाइलचं नाव. नुसतं बॅकस्लॅश ओ दिलं की आउटपुट परत पडद्यावर.

वाचताना सगळ्यात आत सरकलेल्या ओळीपासून बाहेर या. प्रत्येक नोडला (प्लॅनमधल्या एकेका पायरीला) दोन कंस असतात, पहिला अंदाजाचा, दुसरा प्रत्यक्षाचा. दुसऱ्यातला वेळ आणि ओळींची संख्या ही एका लूपची (ती पायरी एकदा चालण्याची) सरासरी असते, आणि इथेच बहुतेक जण फसतात. इंडेक्स स्कॅनला 0.02 मिलिसेकंद दिसतात, ओळी 3, पण लूप्स 50,000 असतील तर तिथे पूर्ण 1 सेकंद आणि दीड लाख ओळी गेल्या.

मग दोन्ही कंसांतल्या ओळी ताडून बघा. अंदाज 10 आणि प्रत्यक्षात 80,000 असेल, तर प्लॅनरने नेस्टेड लूप (एका बाजूच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरी बाजू पुन्हा शोधणं) का निवडला ते तिथेच सापडतं. आधी त्या टेबलवर अ‍ॅनलाइझ ही टेबलची आकडेवारी ताजी करणारी स्वतंत्र कमांड चालवा. तरीही फरक राहिला तर अटींतले कॉलम एकमेकांशी बांधलेले आहेत का पाहा. तालुका कराड म्हटल्यावर जिल्हा सातारा आलाच, पण प्लॅनर दोन्ही अटी स्वतंत्र समजून टक्केवारीचा गुणाकार करतो. अशा जोडीसाठी क्रिएट स्टॅटिस्टिक्स आहे, आवृत्ती 10 पासून. ते केल्यावर पुन्हा अ‍ॅनलाइझ.

सेक्वेन्शियल स्कॅन (पूर्ण टेबल वाचणं) दिसला की लगेच इंडेक्स टाकू नका. टेबल लहान असेल किंवा निम्म्या ओळी लागणारच असतील तर तोच स्वस्त. ‘रोज (rows) रिमूव्हड बाय फिल्टर’ म्हणजे वाचून गाळलेल्या ओळींचा आकडा प्रचंड आणि हाती आलेल्या ओळी मोजक्या, तेव्हा इंडेक्सचा विचार करा. सॉर्टखाली ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि डिस्क दिसलं तर वर्क_मेम (सॉर्ट आणि हॅशला मिळणारी मेमरी) अपुरी पडली. मूळ सेटिंग 4 एमबी असतं. ते त्या सेशनपुरतंच वाढवा, कारण एकाच क्वेरीतला प्रत्येक सॉर्ट आणि हॅश तेवढी मेमरी वेगळी घेऊ शकतो.

टर्मिनलवर क्वेरी झटपट आणि अ‍ॅपमधून मात्र रखडते, असं असेल तर प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर (एकदा तयार करून दर वेळी वेगळ्या व्हॅल्यू देऊन चालवलेल्या क्वेरीवर) संशय घ्या. पहिल्या 5 वेळा पोस्टग्रेस दिलेल्या व्हॅल्यूंनुसार प्लॅन करतो, नंतर सर्वांना एकच जेनेरिक प्लॅन लावू शकतो. आवृत्ती 12 पासून प्लॅन_कॅश_मोड हे सेटिंग फोर्स_जेनेरिक_प्लॅन करून, क्वेरी प्रिपेअर करून, एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ एक्झिक्यूट चालवलं की तो प्लॅन टर्मिनलवरच दिसतो.