पहिली डिंगी घेताना

कॅरिबियन बेटांमध्ये शिडाच्या बोटीने हिवाळाभर नांगर टाकत फिरायचं, तर डिंगी, म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायची हवा भरलेली छोटी होडी, ही तुमची दुचाकीच. बाजारहाट, पाण्याचे कॅन, गॅस, सगळं तिच्यावरच. त्यामुळे बोट घेऊन उरलेल्या पैशांत ती उरकू नका.

आधी कापड बघा. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण तिथल्या उन्हात काही वर्षांतच सांधे सुटायला लागतात, हाताला चिकट लागतं. हायपॅलॉन (उन्हात टिकणारं कृत्रिम रबराचं कापड) महाग आहे, तरी तेच घ्या. तळ ॲल्युमिनियमचा असला की खडकाळ किनाऱ्यावर ओढताना जीव खालीवर होत नाही.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- इंजिन जास्तच मोठं घेतात. 15 एचपीचं फोर-स्ट्रोक 45-50 किलोपर्यंत भरतं. रोज उचलणार कोण? तीन मीटरच्या हलक्या डिंगीला, दोघांसाठी, 10 एचपीच्या आसपास पुरे. 3.5 एचपीत मात्र रांगत जाल.
- रात्री ती पाण्यातच सोडतात. चोरीला जाते. वर उचला, वर कुलूपही लावा.
- भर समुद्रात मागे ओढत नेतात. नको. डेकवर बांधा.

वल्ही आणि किल-कॉर्ड (चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) पहिल्या दिवसापासून हवीतच. डेव्हिट (डिंगी टांगून ठेवायचे बोटीमागचे दांडे), जादा प्रोपेलर वगैरे नंतर बघा. डिंगी डेकवर बांधायची आहे, म्हणून घेण्याआधी मास्टपुढे (डोलकाठीपुढे) मोकळी जागा किती आहे, तेवढं मोजून ठेवा.