रसकापूर हा कापूर नव्हे

प्रश्न असा आला आहे: आजोबांच्या औषधांच्या पेटीत 'रसकापूर' लिहिलेली पुडी सापडली, हा कापराचाच शुद्ध प्रकार का, आणि आरतीला चालेल का?

नाही. 'रसकापूर म्हणजे अस्सल कापूर' हे हल्ली फार ऐकू येते, आणि असे सांगणारा दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. इथला रस म्हणजे पारा. रसशास्त्र (पारा व धातूंपासून औषधे करण्याचे आयुर्वेदातले शास्त्र), रससिंदूर (पाऱ्याचे एक औषध) यांतला तोच. रसकापूर हे पाऱ्याचे क्लोराइड आहे.

मग कापूर कशाला? पांढरा म्हणून, असे सर्रास सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. पांढरी तर फटकीही (तुरटी) असते, तिला कुणी कापूर म्हटले नाही. माझ्या मते नाव पडले ते कापरासारखे उडण्यावरून. पारा, मीठ, फटकी असे मिश्रण डमरूयंत्रात, म्हणजे तोंडाला तोंड लावून बंद केलेल्या दोन मडक्यांत, तापवले की वाफ वर जाते आणि वरच्या मडक्याला पांढरा थर धरतो. रसशास्त्रात ही क्रिया म्हणजे ऊर्ध्वपातन.

आता हा शब्द नीट बघा. वर पाडणे? पडायचे ते खालीच ना! पण संस्कृत 'पत्' धातूचे उडणे आणि पडणे असे दोन्ही अर्थ आहेत. पतंगाचे उडणे याच धातूतले, पत्र म्हणजे पंख तोही यातलाच, आणि पतति, पडइ असे होत आलेले आपले 'पडणे'सुद्धा. ग्रीकमध्येही 'पेतोमाय' म्हणजे उडतो आणि 'पिप्तो' म्हणजे पडतो, दोन्ही याच कुळातले. ऊर्ध्वपातन म्हणजे वर उडवणे. किती नेमका शब्द!

आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनी तो डिस्टिलेशनला (द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करणे) देऊन टाकला, कापराच्या उडण्याला, म्हणजे घन न वितळता थेट वाफ होण्याला, 'संप्लवन' आणले. 'प्लु' म्हणजे तरंगणे, पोहणे. इथे पोहते कोण? डिस्टिलेशनमध्ये वाफ आडवी होऊन दुसऱ्या भांड्यात उतरते, त्याला तिर्यक्पातन हा जुना शब्द तयार होता. हिंदीने ऊर्ध्वपातन योग्य जागी ठेवले. परिभाषा करणाऱ्यांनी रसग्रंथ उघडले असते तर ही अदलाबदल झाली नसती.

पुडीबद्दल: रसकापूर या एकाच नावाखाली दोन क्लोराइडे येतात. मर्क्युरस, म्हणजे कॅलोमेल, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अमोनियाने काळे पडते आणि उजेडात हळूहळू पारा व मर्क्युरिक क्लोराइड यांत फुटते, म्हणून ते गडद बाटलीत ठेवतात. मर्क्युरिक मात्र 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 7 ग्रॅम विरघळते, 277 अंशांना वितळते आणि अ‍ॅल्युमिनियमचे भांडे खाते. त्याचा एखादा ग्रॅम पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. तुमच्या पुडीत यांतले कुठले आहे ते डोळ्यांनी ओळखता येणार नाही. पुडी उघडू नका, हुंगू नका, विस्तवाजवळ तर नेऊच नका. बरणीत बंद करून वर 'पाऱ्याचे विष' असे लिहा आणि घातक रसायने गोळा करणाऱ्यांकडे सोपवा. मोरीत ओतायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही.