मुलाला क्लास लावू नका, बँकेत पाठवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत आहे, गणितात ऐंशीच्या वर मार्क पडतात, पण परवा गॅस संपला तर त्याला सिलिंडर बदलता आला नाही आणि कुरिअरच्या पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा हेही विचारावं लागलं. शाळा हे काहीच शिकवत नाही, तर बाणेरला शनिवार-रविवारचा ‘लाइफ स्किल्स’चा क्लास लावू का, फी पंधरा हजार. माझं उत्तर सरळ आहे, लावू नका. का ते सांगते. जरा लांबण लागेल, निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आत. ‘शाळा शिकवत नाही’ हे वाक्य मी तिथे रोज ऐकलं, आणि ते अर्धंच खरं आहे. माझ्या पुतणीची मुलगी मध्यंतरी दहावी झाली, तिची पुस्तकं अजून माझ्याच माळ्यावर आहेत. बीजगणितात नववीला ‘अर्थनियोजन’ नावाचा अख्खा धडा, त्यात आयकर. दहावीला पुन्हा त्याच नावाचा धडा, त्यात जीएसटी आणि शेअर्स. चक्रवाढ व्याज तर आठवीतच येऊन गेलेलं. विज्ञानाच्या पुस्तकात एक युनिट वीज म्हणजे एक किलोवॅट-तास हे छापलेलं आहे. आता तुमच्या मुलाला विचारून बघा, घरातला दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला तर किती युनिट जळलं? परीक्षेत आलं तर ‘एक’ असं लिहून पूर्ण मार्क घेईल. पण अंघोळीला जाताना गीझर लावून विसरेल आणि महावितरणचं बिल आलं की ते वडिलांचं काम. पुस्तकात किलोवॅट-तास आहे, न्हाणीघरात गीझर आहे, या दोघांची गाठ कोणी घालून देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही कौशल्यं अभ्यासक्रमात नाहीत असं नाही, ती मुलांच्या हाताला लागू देत नाहीत. जिथे चूक झाली तर लाल शाईच्या फुलीखेरीज काही होत नाही, तिथे हात तयार होत नाही. आपल्या वेळचा कार्यानुभव आठवा. खडूच्या साच्यापासून कापडी फुलांपर्यंत सगळं आयांनी करायचं, मुलांनी नाव घालायचं आणि बाईंनी ‘छान’ शेरा द्यायचा. मीही माझ्या मुलीची फाईल रात्री बारापर्यंत जागून सजवली आहे, खोटं कशाला बोलू.

काउंटरवरची एक गोष्ट सांगते. हिंजवडीत नोकरीला असलेला एक मुलगा हातात नोटीस घेऊन आला होता. मित्राच्या कर्जाला याने सही दिली, मित्र हप्ते थकवून परगावी गेला. मला म्हणाला, “मॅडम, मी तर फक्त साक्षीदार म्हणून सही केली होती.” कागद काढून दाखवला. साक्षीदार कुठला, जामीनदार! कर्जदाराइतकीच जामीनदाराची जबाबदारी असते आणि बँकेने आधी कर्जदाराच्या मागे धावून मगच जामीनदाराचं दार वाजवावं असंही नसतं. १८७२च्या करार कायद्यात हे लिहिलेलं आहे. मुलगा इंजिनिअर होता, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. सही करताना मागे रांग होती, मित्र शेजारी उभा होता, आणि “थांबा, मला हे आधी वाचू द्या” म्हणायची लाज वाटली. शाळेत दहा वर्षं ‘समजलं का?’ विचारल्यावर सगळ्यांच्या सुरात ‘हो’ म्हणायची सवय लागलेली असते. ती सवय काउंटरवर फार महाग पडते.

व्याजाचंही तसंच. गाडीच्या दुकानात, मोबाईलच्या दुकानात ‘फ्लॅट दहा टक्के’ असं सांगतात. एक लाख, तीन वर्षं, फ्लॅट दहा टक्के. म्हणजे दरवर्षी दहा हजार, एकूण व्याज ३०,००० आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३,६११. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता साधारण ३,२२७ आणि तीन वर्षांचं व्याज सोळा हजारांच्या जरा वर. कारण उघड आहे, दर महिन्याला मुद्दल कमी होतं, पण फ्लॅटवाला शेवटच्या महिन्यातही पूर्ण लाखावर व्याज लावतो. त्याचे ‘दहा टक्के’ आपल्या नेहमीच्या भाषेत अठराच्या आसपास जातात. हे गणित आठवीतल्या मुलाला करता येतं. पण ते दुकानात, सेल्समन समोर गोड हसत असताना, करता आलं पाहिजे.

आणि आता दिव्याखालचा अंधार. माझी मुलगी वाकडला भाड्याने राहायला गेली तेव्हा एजंट घरीच मशीन घेऊन आला. अंगठा घेतला, फोटो काढला, दहा मिनिटांत करार नोंदवून टाकला. मी शेजारीच बसले होते, त्याला चहा विचारत होते! जागा सोडताना मालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे बावीस हजार कापले. करार काढून बघितला, तर सहाव्या पानावर तसं कलम होतं. आयुष्यभर लोकांना ‘वाचून सही करा’ सांगणाऱ्या बाईच्या पोटच्या पोरीने न वाचता अंगठा दिला, कारण घरातले कागद नेहमी आईच बघत आली.

या निमित्ताने एक सांगून ठेवते, पुण्यात निम्म्या लोकांना हे उलटं माहीत असतं. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात चालत नाही. आपल्याकडच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. असा नोंदवलेला कागद नसेल तर वाद झाल्यावर मालकाचंच नुकसान जास्त. मुलं उद्या बाहेर राहायला जाणारच आहेत. घरातला जुना करार त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, यात आपल्या विरुद्ध जाणारी तीन कलमं शोधून दाखव.

शाळांना हे जमणारच नाही असंही मला वाटत नाही, आणि त्याचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली तो सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग करतात, भिंत बांधतात, वायरिंग करतात, शेती आणि जनावरांचं बघतात, आरोग्याच्या साध्या चाचण्या शिकतात, आणि शिकता शिकता गावातल्या लोकांची खरी कामं करून देतात. हाच प्रयोग पुढे राज्यातल्या काही शाळांमध्ये आठवी ते दहावीला नेला गेला. तिथली भिंत खोटी नसते. वाकडी बांधली तर पाडून पुन्हा बांधावी लागते आणि ज्याचं घर तो बडबडतो. ती बडबड हाच खरा शिक्षक. शहरातल्या शाळांना मात्र हे ‘खेड्यातल्या मुलांसाठी’ वाटतं. आपल्या पोरांना काय, नळ गळला तर ॲप आहे.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केली म्हणून धमकावतात, तसला प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाज बाळगून दोन दिवस गप्प बसू नये, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर तितके पैसे या खात्यातून त्या खात्यात पुढे पांगतात. आमच्या सोसायटीत यात अडकलेले गृहस्थ बहात्तर वर्षांचे होते, तेव्हा हा धडा मुलाबरोबर तुम्हीही घ्या आणि सासूबाईंनाही द्या.

गॅसचं तर क्लासला घालण्याइतकं काही नाहीच. पुढचा सिलिंडर येईल तेव्हा त्यालाच बदलू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. वायसर आहे का बघायचा, रेग्युलेटर बसल्याचा आवाज ऐकायचा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन. एकदा केलं की झालं. पोहणं आणि सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवणं) या दोनच गोष्टी मात्र घरी शिकवायच्या नादी लागू नका, त्यांना जाणता माणूसच हवा. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचं हे वाचून कळतं, पण पुतळ्यावर एकदा दाबून बघितल्याशिवाय किती जोर लागतो याचा अंदाज येत नाही. पंधरा हजारांतले थोडे खर्चायचे तर तिथे खर्चा.

कोणी विचारेल, मग अभ्यासाचं काय? आठवड्याला दोन तास पुरतात हो. घराचं वीजबिल त्याच्याकडे द्या. पहिले शंभर युनिट एका दराने, एकशे एकपासून पुढचे चढ्या दराने, वर स्थिर आकार, वहन आकार. तीन महिने त्याने बिल वाचून सांगितलं की चौथ्या महिन्यात गीझर आपोआप बंद व्हायला लागतो. रविवारी पाचशे रुपये देऊन मंडईत पाठवा. किडके टोमॅटो आणेल, आणू दे. त्याचीच कोशिंबीर करायला लावा. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन दोन दुकानांत भाव विचारून एक्स्टेंशन बोर्ड आणायला सांगा. पहिल्यांदा फसेल. पंधराव्या वर्षी साठ रुपयांना फसणं फार स्वस्त आहे, आमच्या त्या हिंजवडीच्या मुलाला विचारा.

आणि सगळ्यात आधी खातं. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडता येतं, रकमेची मर्यादा ज्याची त्याची बँक ठरवते. फॉर्म त्यालाच भरू द्या. तुमची सही लागेल तिथे करा, पण त्याआधी तुम्ही कशावर सही करताय हे त्याने तुम्हाला वाचून दाखवायचं. मग तुम्ही बाहेर बाकावर बसा, आत जाऊ नका. फोटो विसरला म्हणून एकदा परत येईल, आधारची झेरॉक्स नाही म्हणून दुसऱ्यांदा येईल, काउंटरवरच्या बाई खेकसल्या म्हणून तिसऱ्यांदा तोंड पाडून येईल. (त्या बाई मीही असू शकले असते. जेवणाची सुट्टी एकदा गेली की माणूस खेकसतोच.) तुम्ही उठू नका. नेमकं काय कमी आहे ते विचारून ये, एवढंच सांगा. निघताना पासबुक भरून आणायला लावा. मशीन बहुतेक बंद असेल, तर ‘कधी चालू होईल’ तेही तोच विचारेल.